शेजारचा फ्रीज

ओब्दुलियाने यानिस्बेलच्या फ्रीजचं दार उघडलं आणि तिला आपली बाटली दिसेना.

दारातल्या कप्प्यात केचपच्या शेजारी ती रोज असायची. तिथे आता बिअरचे डबे खांद्याला खांदा लावून उभे होते. आत तीन मजली गुलाबी केक, हॅम, सरबतांच्या बाटल्या. बोट घालायला जागा नव्हती. मागच्या अंगणात जनरेटर घरघरत होता. बाकी गल्लीत रोजच्यासारखीच सकाळी गेलेली वीज अजून आली नव्हती.

"यानी, पोरी, इथली आमची बाटली गं?"

यानिस्बेल आरशापुढे लेकीच्या केसांत मुकुट बसवत होती. लेकीला आज पंधरा वर्षं पूर्ण झाली होती, इथे हा लग्नाइतकाच मोठा सोहळा. तिचा झगा एवढा फुगला होता की दारातून जाताना तिला तिरकं व्हावं लागत होतं.

तोंडातली पिन काढून यानिस्बेल म्हणाली, "अहो बाई, काही काळजी करू नका. केकला जागा हवी होती ना, म्हणून मी स्वतःच्या हाताने वर बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सगळ्यात गार जागा! म्हटलं, बाईंच्या औषधाला काही होता कामा नये."

ओब्दुलियाने वरचं दार उघडलं. गोठलेल्या कोंबडीच्या पिशव्यांमागे बाटली होती. तिने ती हलवली. आतलं हललं नाही.

इन्शुलिन गार राहायला हवं, पण गोठता कामा नये. एकदा गोठलं की संपलं. वितळवून टोचलं तरी भरवसा नाही. दवाखान्यातली नर्स दर वेळी बजावायची. हे ओब्दुलियाने यानिस्बेलला कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये जागा मागतानाच माणूस अर्धा होतो. वर सूचना कुठल्या तोंडाने द्यायच्या? तेही जिला आपणच पाढे शिकवले, तिला?

सरकारी औषधाच्या दुकानातून महिन्याला एक बाटली मिळायची, तीही आली तर. या महिन्याची ही. मागे मध्यंतरी बाटली आलीच नव्हती, तेव्हा नवऱ्याच्या, एवेलियोच्या, पायाचा अंगठा कापावा लागला होता. चोरून विकणाऱ्यांकडे हवी तेवढी मिळे, पण डॉलरमध्ये. डॉलर यानिस्बेलकडे यायचे, तिचा दीर परदेशातून, टँपाहून पाठवायचा. त्यातूनच तिने पुढच्या खोलीत दुकान थाटलं होतं. ओब्दुलिया आणि एवेलियोची पेन्शन एकत्र केली की त्या दुकानात अंड्यांचा एक ट्रे यायचा.

"पोरी, हे गोठलंय," ओब्दुलिया हळूच म्हणाली.

"मग! म्हटलं नव्हतं मी?" यानिस्बेल खुशीत हसली. "आमचा फ्रीज म्हणजे फ्रीज आहे, बाई!"

तेवढ्यात फोटोवाला आला. लेक ओरडली, मुकुट सरकला. त्या गडबडीतही यानिस्बेलला बाईंची आठवण राहिली. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यांतला एक तिने ओब्दुलियाच्या हातात कोंबला. "केक आहे, तळलेले क्रोकेत आहेत. काकांना द्या. थांबायला सांगितलं असतं, पण काका अंधारात एकटे असतील."

"देव तुझं भलं करो, पोरी."

दारापाशी दयेच्या मातेची मूर्ती होती. पिवळं वस्त्र, पुढे सूर्यफुलं, भोवती दिव्यांची माळ. ओब्दुलियाच्या घरीही हीच आई होती, पण तिच्यापुढे मेणबत्तीचं बुडखं. रोज येता-जाता ओब्दुलिया इथे क्रूसाची खूण करायची. आज तिचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

एवेलियो उंबऱ्यात झुलत्या खुर्चीवर बसला होता. सारा जन्म त्याने वीजकेंद्रात काढला होता.

"ऐकतेस ना?" जनरेटरच्या दिशेने मान उडवत तो म्हणाला. "आमच्या केंद्रापेक्षा हे डबडं इमानी निघालं." त्याने पोटावरचा सदरा वर करून ठेवलाच होता. "चल, टोच लवकर. भूक लागलीय. भात केव्हाचा निवलाय."

ती हलली नाही. त्याने तिच्या मुठीतून बाटली घेतली आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या उजेडात धरली. बर्फ कडेने सुटायला लागला होता. काचेला पांढरे कण चिकटले होते.



"तिने ठेवली बर्फात?"

"जपायला म्हणून ठेवली हो. तिला काय ठाऊक?"

"मग सांगितलंस?"

"तिच्या घरी आज सण आहे."

"सण उद्या संपेल. उद्या सांग. दीर पाठवेल एखादी. तिला काय जड आहे?"

"आणि राग आला तर?" ओब्दुलिया म्हणाली. "वाटलं तिला, की आपण भरून मागतोय? पुढच्या महिन्याची बाटली कुठे ठेवायची मग?"

एवेलियोने सदरा खाली ओढला. एकेक करून गुंड्या लावल्या.

पलीकडे गाणं सुरू झालं. टाळ्या झाल्या. मग भिंतीवरून यानिस्बेलचा आवाज आला, आनंदाने ओसंडणारा. "बाई! टोचून झालं की बाटली परत आणा हं! तुमची वरची जागा राखून ठेवलीय, कुणाला हात लावू दिलेला नाही! आणि काका, केक कसा झालाय?"

डबा एवेलियोच्या मांडीवर होता. त्याची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती.

"गोड झालाय गं पोरी," तो भिंतीकडे तोंड करून ओरडला, "फार गोड झालाय!"