फडकं काळं होईपर्यंत

फडकं काळंकुट्ट झालं होतं. पहिला नंबर आलेल्या पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं बाबांनी ते धाकटीपुढे धरलं, आणि धाकटीने आधी चाकांकडे बघितलं.

गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. हा माणूस दर आठवड्याला धाकटीकडे गाडी धुवायला आणायचा आणि धुऊन झाली की चारही चाकांकडे दाढा तपासाव्यात तसा वाकून बघायचा. चाकं ॲल्युमिनियमची, वर पारदर्शक लॅकरचा थर. तो थर म्हणजे चाकाची कातडीच. धाकटीने सकाळी बाबांना सगळं समजावलं होतं. चाक गार होऊ द्यायचं. शॅम्पूचं पाणी, मऊ ब्रश, ब्रेकची काळी धूळ निघाली की भरपूर पाणी, मग कोरडं पुसून मेणाचा एक हात. बस्स. थराबद्दल तेवढं सांगायचं राहिलं. धातूबद्दल बाबांना आपण काय शिकवणार, असं तिला वाटलं, आणि तिथेच ती फसली.

बाबांनी एकतीस वर्षं भांड्यांच्या कारखान्यात ॲल्युमिनियमला पॉलिश केलं होतं. उघडं ॲल्युमिनियम घासलं की फडकं काळं होणारच. पांढरं राहिलं, तर पॉलिशवाला झोपा काढत होता असं तिथे खुशाल समजायचे. आज पहिल्या चाकावर ब्रश फिरवून झाला, मेणाची वेळ आली, आणि बाबांनी फडकं बघितलं. पांढरं. त्यांनी जोर लावला. तरी पांढरं. त्यांना घाम फुटला. पहिल्याच दिवशी पोरीच्या धंद्यात आपलं नाक कापलं जाणार! मग त्यांनी आपल्या पिशवीतून बारीक पॉलिश पेपर काढला, जुन्या पॉलिशचा डबा काढला, आणि फडकं काळं होईपर्यंत घासलं. म्हणजे थर पार निघेपर्यंत. अशी तीन चाकं झाली होती.

आणि चमकत होती म्हणजे काय, सूर्याने त्यात बघून भांग पाडावा! पण धाकटीला पुढचं दिसत होतं. दोन-चार महिने पाणी आणि चिखल खाल्ला की या उघड्या धातूवर पांढरे चट्टे उठणार. गेलेला थर काही हातापाया पडून परत येत नाही.

तिला बोलायचं होतं, पण बाबा गुणगुणत होते. कारखाना बंद पडल्यापासून आठ महिने ते खिडकीत बसून होते. आई म्हणायची, एक वेळ कपाट बोलेल, पण तुझे बाबा बोलायचे नाहीत. आज त्यांनी दाढी केली होती. डबा भरून द्यायला आईला दोनदा हाक मारली होती. धाकटीने ते काळं फडकं हातात घेतलं आणि छान झालंय म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर आले. चाकं बघून ते चक्क उकिडवे बसले. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं, आणि बाबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. डॉक्टर म्हणाले, हा हात नाही, जादू आहे, गाडी घेतली त्या दिवशीसुद्धा चाकं अशी नव्हती. चौथंही काकांनीच करायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाबा खूश झाले. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, चौथ्या चाकापाशी जाऊन बसले आणि पॉलिश पेपरची घडी घालू लागले.

धाकटीने खोकून पाहिलं. डॉक्टरांना बाजूला घ्यावं, की बाबांना चहा आणायला पाठवावं, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं. पण पेपर चाकाला टेकत होता. एक घासा, की चौथंही गेलं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "डॉक्टर, ती तीन चाकं आमच्या हातून खराब झालीत."

आमच्या म्हणाली खरी, पण काळे हात तिथे एकाच माणसाचे होते.

मग तिने सगळं सांगितलं. थर, चट्टे, सगळं. सांगताना ती चाकांकडेच बघत राहिली. गुणगुणणं थांबलेलं तिला ऐकू आलं. बाबांकडे बघायची तिची छाती झाली नाही.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि ते मोकळेपणाने हसले.

"एवढंच ना? अहो ताई, गाडी उद्या विकतोय मी. चारही सारखी चमकली म्हणजे झालं."

सकाळी गिऱ्हाईक येणार आहे, काकांना करू द्या आरामात, असं सांगून ते फोन कानाला लावून फाटकाकडे गेले. उद्याच्या त्या गिऱ्हाइकाचं काय, हेही धाकटीच्या मनात आलं, पण ते नंतर. आधी बाबा. काही बिघडलं नाही, कुणी रागावलं नाही, माझ्याकडूनही सुरुवातीला एका गाडीचा रंग उडाला होता, असं बरंच काही तिने मनात जुळवलं आणि ती वळली.

चौथ्या चाकापाशी कुणी नव्हतं. पॉलिश पेपर घडी करून, डब्याचं झाकण लावून, सगळं भिंतीशी नीट ठेवलेलं होतं. बाबा नळावर साबणाने नखं घासत होते. काळं निघत नव्हतं. ती जवळ जाऊन बसली आणि जुळवलेल्यातलं पहिलंच वाक्य बोलायला गेली, तर त्यांनी नळ बंद केला. हात शर्टाला पुसले. आणि एकतीस वर्षं मुकादमाशी बोलताना ठेवत असतील तशी मान खाली ठेवून त्यांनी आपल्या धाकट्या लेकीला विचारलं,

"उद्यापासून मी नुसतं पाणी भरायला येऊ का?"