बाबांची हवा
ती चालवत असलेली बाबांची मोटारसायकल भररस्त्यात पंक्चर झाली आणि तिला एकटीला गाडी मधल्या स्टँडवरही चढवता येईना. शेवटी रस्त्यापलीकडचा पंक्चरवालाच पेटी घेऊन आला. मागच्या टायरमधला खिळा त्यानं पकडीनं उपटला, तशी हवा सूं करत सुटली. तिनं झटकन भोकावर अंगठा दाबला. "ताई, हात काढा. मी काम कसं करू?" "ही हवा माझ्या बाबांनी भरलीय," ती म्हणाली. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी ते धापा टाकत पायपंप मारत होते. ती रागावली, तर हसून म्हणाले, "माझी लेक परक्याच्या हवेवर फिरणार नाही." ते घरी परतलेच नाहीत; त्यानंतर गाडी आज प्रथमच बाहेर निघाली होती. पंक्चरवाला पकड खाली ठेवून तिच्याशेजारी उकिडवा बसला. "धरा मग," तो म्हणाला. तिनं दुसरा अंगठाही लावला. तरीही हवा बोटांखालून गारगार निसटत राहिली.