दुसरी खूण

रंगीत पाणलावा पुन्हा आला तो रविवारी भर दुपारी, पहिली रेस सुटायच्या आधी. तळ्याच्या गवतातून अर्धा बाहेर येऊन तो पक्षी बाकाकडे बघत उभा राहिला. डोळ्यांभोवती पांढरी कड, थेट चष्मा लावल्यासारखी. शिंपी असाच बघायचा.

बाकावर घड्याळजी एकटाच होता. तळं रेसकोर्सच्या मधोमध, त्यामुळे त्याला आणि शिंप्याला, दोघांना हा एकच बाक पुरायचा: सकाळी पक्षी, दुपारी घोडे. बारा वर्षं एका दुर्बिणीत आणि एका वहीत त्यांनी भागवलं. कायदा शिंप्याने केलेला. वेगळा पक्षी ज्याला आधी दिसेल, त्याने दुपारचा घोडा निवडायचा. मात्र वहीत त्या पक्ष्यापुढे दोघांच्या खुणा हव्यात. घड्याळजी पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचा. शिंपी खिशातल्या निळ्या खडूने फराटा ओढायचा, कापडावर ओढतात तसा. एकाच खुणेचा पक्षी म्हणजे थाप. कायदा लागणारच, शिंप्याने एकदा बदकाचा गरुड केला होता.

वहीच्या शेवटच्या पानावर रंगीत पाणलावा होता, आणि त्यापुढे नुसता निळा फराटा.

त्या सकाळी शिंप्याने बोट दाखवलं तेव्हा दुर्बीण घड्याळजीच्या डोळ्यांना होती. त्याला पाणलावा दिसला, चोचीवरच्या चिखलासकट दिसला. पण शिंपी करड्या घोडीसाठी हटून बसला होता, आणि ह्याचा जीव तपकिरी घोड्यात अडकलेला. "मला काही दिसलं नाही," घड्याळजी म्हणाला. शिंप्याने तरीही आपला फराटा ओढला. दुपारी पैसे तपकिरीवर लागले आणि करडी घोडीच पहिली आली, तरी त्याने पक्ष्याचं नाव काढलं नाही. गुरुवारी तो मशीनवर बसल्या बसल्या गेला. चाक तेवढं थोडा वेळ फिरत राहिलं.

घड्याळजी भेटायला गेला तेव्हा वहिनींनी पाणी दिलं आणि सहज सांगितलं, "हे घरी येऊन हसत होते हो. म्हणाले, पक्षी उडाला तशी ह्याची दुर्बीण त्याच्या मागे मागे वळली, आणि वर हा म्हणतो, दिसला नाही."

आज करडी घोडी पुन्हा धावणार होती. घड्याळजीने वही उघडून जुन्या फराट्याशेजारी आपलं टिंब दिलं. मग खाली आजची तारीख घालून रंगीत पाणलावा लिहिला आणि त्यापुढेही टिंब दिलं. शेजारची जागा कोरी होती.

"दिसला होता मला," तो बाकाच्या रिकाम्या बाजूला म्हणाला. "आता आजचा तू मान्य कर, म्हणजे मिटलं. नाहीतर घोडी कुठल्या तोंडाने लावू?"

पान उडू नये म्हणून वहीवर दुर्बीण ठेवून तो तिकिटाच्या खिडकीकडे गेला. आतल्या माणसाने तिकीट देता देता विचारलं, जोडीदार आज बाकावरून उठायचं नाव का घेत नाहीत.

"हात करतायत बघा तुम्हाला."

घड्याळजीने वळायला बराच वेळ लावला. वळला तेव्हा बाक रिकामा होता. गवतातला पाणलावाही नव्हता.

तो बाकापाशी परत आला. वहीत आजच्या नोंदीपुढची जागा कोरीच. तेवढ्यात घोडे सुटले, लोक उभे राहिले. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर नुसतं निळं. काढून पाहिली, तर दोन्ही काचांवर खडू फासलेला, पार कडेपर्यंत, एक कणभर जागा न सोडता. काम म्हणून बघितलं तर झकास, शिंप्याच्या हाताला शोभेलसं.

काचा पुसायचं मऊ फडकं त्याच्या खिशात कायम असायचं. घड्याळजीच तो. हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग तो सरकून बाकाच्या आपल्या अर्ध्या भागात बसला आणि ती निळी दुर्बीण त्याने पुन्हा डोळ्यांना लावली.

"मला काही दिसत नाही," तो शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाला. "तूच सांग, कोण पुढे आहे. तू म्हणशील ते."