पुन्हा उत्तरेकडे

जहाज उत्तरेची वाट सोडून मागे वळलं, तशी कॉफीला जमलेल्या मंडळींची तोंडं उतरली. खाली जहाजाच्या दवाखान्यात त्यांच्या सहलीतलाच रेइदार शेवटच्या घटका मोजत होता. त्याला न्यायला स्वालबार्ड बेटांवरून हेलिकॉप्टर निघणार होतं, पण ते इतक्या लांब पोचत नव्हतं. अर्धी वाट जहाजालाच कापायची होती.

"गेली आपली पांढरी अस्वलं," ऑडवार बायकोला म्हणाला आणि वाफलवर तपकिरी चीजचा आणखी एक काप ठेवला. "काल ढोसताना बरा होता की."

काल याच रेइदारच्या गळ्यात गळा घालून हा गात होता. सॉल्फ्रिड नवऱ्याच्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. सकाळी न्याहारीला रेइदार म्हणाला होता, "छातीत जड वाटतंय. डॉक्टरीणबाईंना दाखवू का?"

"अरे, समुद्र लागलाय तुला," ऑडवार म्हणाला होता. "पडून राहा जरा. त्या बाईच्या हाती लागलास, तर ती जहाज मागे फिरवायला लावेल."

सगळं टेबल हसलं. रेइदारही हसला आणि मुकाट्याने खोलीत गेला. भिडस्त माणूस, आपल्यापायी चारचौघांच्या सहलीचा विचका नको म्हणून जिवावर उदार झालेला. तेव्हा सॉल्फ्रिडही हसली होती. आता तिला त्या हसण्याची शिसारी येत होती.

दार उघडून डॉक्टर तोर्दिस आत आल्या. चेहराच सांगत होता. पाठोपाठ ध्वनिक्षेपकावरून कप्तानाचा आवाज आला. रेइदार गेले. आता हेलिकॉप्टरची गरज नाही, जहाज ठरल्या वाटेने पुढे जाईल.

मग जहाज हळूहळू वळायला लागलं, खिडकीतलं ऊन टेबलांवरून सरकलं, आणि कोणीतरी दुर्बीण पुसायला घेतली.

"त्यालाही हेच आवडलं असतं," ऑडवार हळूच म्हणाला.

सॉल्फ्रिड उठून उभी राहिली. "डॉक्टर, सकाळीच त्याला छातीत जड वाटत होतं. तो तुमच्याकडे यायचं म्हणत होता. माझ्या नवऱ्याने त्याला अडवलं. आम्ही सगळे हसलो."

तोर्दिस मटकन खुर्चीत बसल्या. "सकाळी आला असता तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. टेबलावरच्यांनी ताटात डोकी घातली. ऑडवारचे कान लाल झाले. आता तरी हा काही बोलेल, म्हणून सॉल्फ्रिड त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तेवढ्यात डेकवरून हाक आली, देवमासे दिसताहेत, उजवीकडे. खुर्च्या सरकल्या. बघता बघता खोली रिकामी झाली. ऑडवारही कॅमेरा घेऊन निघाला. दारात थबकला आणि मागे वळून, तिची समजूत काढावी तशा मऊ आवाजात म्हणाला,

"ये ना गं. पिल्लूपण आहे बरोबर."