जाळीचे बूट

“उसव ते,” मापकाका म्हणाले. “एवढी मेहनत करतेस, निदान जोडी तरी धड होऊ दे.”

“नाही उसवणार,” त्यांची आई म्हणाली. तिच्या हातातली क्रोशाची सुई क्षणभरही थांबली नाही.

एक बूट टेबलावर तयार उभा होता. पांढऱ्या दोऱ्याचा, गुडघ्यापर्यंत उंच, पुढे नाडी ओवायला भोकं, खाली तयार सोल शिवलेला. दुसरा तिच्या मांडीवर होता, त्याची वरची कड तेवढी राहिली होती. वीण अशी की बघत राहावं. पण मांडीवरचा बूट टेबलावरच्यापेक्षा चांगला बोटभर आखूड होता.

मापकाकांचं बाजारात बुटांचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात आलं की ते नुसत्या नजरेने पायाचा नंबर सांगत, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. आणि इथे त्यांची सख्खी आई एका बुटाला सहा नंबरचा सोल अन् दुसऱ्याला चार नंबरचा लावून बसली होती. दुकानात कोणी अशी जोडी डब्यात भरली असती, तर त्यांनी त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं असतं.

घोळ कुठे झाला, हे त्यांना ठाऊक होतं. महिन्यापूर्वी तिने सहा नंबरचे सोल मागवले होते. आठवड्याने म्हणाली, चारचे आण.

“अगं, मागच्याच आठवड्यात घेतलेस ना?”

“घेतले. आता चारचे हवेत.”

त्यांनी वाद न घालता तेही आणून दिले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, “आई विसरायला लागली.”

“अहो, सत्तरीत असले बूट घालून बाजारात फिरायचं म्हणाल्या, तेव्हाच मला शंका आली,” बायको म्हणाली.

तेव्हापासून मापकाका दोन गल्ल्या ओलांडून रोज आईकडे येत आणि तिच्या चुका शोधत. एकदा दूध उतू गेलं. एकदा किल्ली दाराला बाहेरूनच लटकत राहिली. त्यांनी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली, हवेशीर, खिडकीतून बाग दिसणारी. तिला एकटीला राहणं झेपत नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी हवी होती. हे सगळं त्यांनी आईला तोंडावर सांगितलं होतं, एवढं मात्र त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

“उद्या डॉक्टर येणार आहेत,” ते म्हणाले.

“येऊ देत. मी या घरातून हलणार नाही. तीस वर्षं कारखान्यात उभं राहून घेतलंय हे घर.”

“आणि हे बूट घालून बाहेर पडलीस तर लोक हसतील गं.”

“हसू देत. जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं घातलं. आता माझ्या मापाचं घालणार.”

“अगं, पण दोन्ही सारखे नाहीत!”

“मोजता येतं मला,” आई म्हणाली आणि तिने पुढची साखळी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई आल्या. तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी आईला वार विचारला, तारीख विचारली, मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं.

“त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट,” आईने धडाधड सांगून टाकलं. “अजून हवेत, की पुरे?”

डॉक्टरबाई हसल्या. मापकाकांना हसू आलं नाही. गोष्ट हातची निसटते आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी उठून दोन्ही बूट डॉक्टरांपुढे ठेवले.

“हे बघा. माझा धंदाच आहे हा, यात मला कोणी फसवू शकत नाही. सोलांच्या दोन जोड्यांची सरमिसळ केली तिने, आणि वर म्हणते बरोबर आहे. आज बूट आहेत डॉक्टर. उद्या गोळ्यांची सरमिसळ झाली तर? हिच्याजवळ कोण असणार आहे?”

ही काळजी खोटी नव्हती. वडील गेल्यापासून घरी दाराची घंटा वाजली की आईचंच काही झालं असेल, असं समजून ते धावत.

डॉक्टरबाईंनी दोन्ही बुटांचे तळवे एकमेकांना लावून पाहिले. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला.

“आजी, हे कसं झालं, सांगाल का?”

“सांगायचं कशाला? घालूनच दाखवते.”

“आई, हट्ट पुरे,” मापकाका म्हणाले.

“तू बस,” आई म्हणाली. लहानपणी ते शाळेतून भांडून आल्यावर ती ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात. मापकाका बसले.

आईने खुर्ची खिडकीपाशी ओढली. लेकाने दरवर्षी न विचारता आणून दिलेले सहा नंबरचे काळे कापडी बूट तिने काढले. डाव्या बुटाच्या टोकातून लोकरीचा मुठीएवढा बोळा निघून फरशीवर पडला. तिने दोन्ही पायमोजे उतरवले, जाळीचे बूट चढवले, नाड्या वरपर्यंत आवळल्या आणि ती उभी राहिली. उजव्या पायात सहाचा, डाव्या पायात चारचा. दोन्ही बूट चपखल बसले होते.