पलंगाखालचे ठोकळे

वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर आई निम्म्यावर आली, पण आडवी झाली की आंबट पाणी घशाशी यायचं. सुतारकाम करणाऱ्या बाबांनी पलंगाच्या उशाकडच्या खुरांखाली खाच पाडलेले दोन ठोकळे बसवले. "घसरगुंडीवर झोपवतेस मला," ते कुरकुरायचे. "मग जमिनीवर झोपा," आई म्हणायची. सकाळी त्यांचे पाय पलंगाबाहेर असायचे. आई गेली ती दुसऱ्याच दुखण्याने. पाहुणे पांगल्यावर मी ठोकळे काढून माळ्यावर टाकले. बाबांना आता तरी सपाट झोपता येईल, असं वाटलं. दुपारी ते आडवे झाले आणि लगेच उठून बसले. "ठोकळे कुठायत?" "तुम्हालाच त्रास व्हायचा ना, बाबा?" "आण इकडे." मी पलंग उचलून धरला, त्यांनी ठोकळे सरकवले, खूर खाचेत बसल्याचं चाचपून पाहिलं. चहाला उठवायला मी गेले, तेव्हा बाबा गाढ झोपले होते, पाय पलंगाबाहेर.