तिसरी जोडी

नाताळगीतं गाणाऱ्या पोरींसाठी मी पंखांच्या दोनच जोड्या शिवल्या होत्या. तरी विधुर संतानच्या अंगणात देवदूत झालेल्या तिघी उभ्या होत्या.

तोंडावरून ओढणी घेतलेल्या तिसरीने माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती. दारापर्यंत ओढत नेऊन तिने माझा हात तिथे उभ्या संतानच्या हातात दिला. बायको गेल्यापासून चार वर्षं तो मला चर्चबाहेर नुसतं "बरंय ना?" विचारायचा.

"आता तरी लग्नाचं विचार हिला," ती कुजबुजली.

संतान पांढराफटक पडला, पण त्याने विचारलं एकदाचं. मी हो म्हटलं.

वळले तर दोघीच उरल्या होत्या. तिसरीच्या पंखाची फाटलेली लेस माझ्या मुठीत राहिली होती. टाका माझाच होता. ती लेस मी संतानच्या बायकोला पुरताना नेसवलेल्या साडीला लावली होती.